पीएसए वाढला... आणि रिपोर्ट यायचा आहे

साठीच्या आसपासच्या पुरुषाच्या रक्ततपासणीत हा आकडा वाढलेला निघाला की सारे घर धास्तावते. पण हा आकडा नेमके काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे ठाऊक असेल तर वाट पाहण्याचे ते दिवस पुष्कळ सुसह्य होतात.

साठी उलटलेल्या वडिलांची संपूर्ण तपासणी करून घेण्याची पद्धत आता मध्यमवर्गीय घरांतून चांगलीच रुळली आहे. मुलगा बंगळुरूला असतो, नाहीतर परदेशात. तो तिथूनच पॅकेजचे पैसे भरतो. सकाळी लॅबचा माणूस घरी येऊन रक्त घेऊन जातो आणि संध्याकाळी मोबाइलवर आठ-दहा पानांचा अहवाल येऊन पडतो. साखर, कोलेस्टेरॉल, थायरॉइड हे शब्द एव्हाना घरोघरी परिचयाचे झाले आहेत. ती पाने गृहिणीच आधी वाचते आणि दुसऱ्या दिवसापासून चहातली साखर कमी होते. शेवटच्या पानावरच्या एका ओळीकडे मात्र तिचे लक्ष जात नाही. पीएसए ६.८. शेजारी ठळक खूण आणि त्यापुढे छापलेले ० ते ४.

ती ओळ वाचतो तो ते गृहस्थच. रात्री सगळे झोपल्यावर ते मोबाइलवर त्या तीन अक्षरांचा शोध घेतात आणि पहिल्याच पानावर त्यांना कॅन्सर हा शब्द भेटतो. मग चार-सहा दिवस कुणाशी काही बोलणे नाही. जेवताना घास तोंडात फिरत राहतो. बायकोला वाटते, मुलाशी काही बिनसले असावे.

बायकांच्या आजारांबद्दल आपल्याकडे निदान शेजारणी-पाजारणींत कुजबूज तरी होते. पुरुषांच्या कमरेखालच्या तक्रारींना तेवढीही वाट नाही. रात्री चारदा उठावे लागते, धार बारीक झाली आहे, सुरू व्हायला वेळ लागतो, हे सारे 'वय झाले, चालायचेच' म्हणून वर्षानुवर्षे दडवले जाते. त्यामुळे हा आकडा समोर आला की त्याच्यामागे कुठलाही संवाद नसतो. एकदम भीतीच उभी राहते.

हा आकडा कशाचा?

प्रोस्टेट ही अक्रोडाएवढी ग्रंथी. मराठीत हिला पुरःस्थ ग्रंथी म्हणतात, पण हा शब्द पाठ्यपुस्तकाबाहेर फारसा पडला नाही. मूत्राशयाच्या अगदी खाली, मूत्रमार्गाला वेढून ती बसलेली असते. वीर्यातला काही भाग ती तयार करते आणि त्याच कामात पीएसए हे प्रथिन बनते. वीर्य पातळ ठेवणे हे त्याचे काम. त्यातला अगदी थोडा अंश रक्तात झिरपतो. रक्ताच्या एका मिलिलीटरमध्ये तो किती नॅनोग्रॅम आहे, तेवढेच ही तपासणी मोजते.

पीएसए या नावाचा अर्थच 'प्रोस्टेटपुरते विशिष्ट असलेले प्रथिन' असा आहे. 'कॅन्सरपुरते विशिष्ट' असा तो नाही. निरोगी प्रोस्टेटही ते बनवते, वाढलेली प्रोस्टेट अधिक बनवते, सुजलेल्या प्रोस्टेटमधून ते जास्त गळते आणि कॅन्सर असलेल्या प्रोस्टेटमधूनही गळते. आकडा सांगतो एवढेच की ग्रंथीत काहीतरी चालले आहे. काय चालले आहे, ते सांगण्याची त्याची ताकद नाही.

वयाबरोबर ग्रंथी वाढते आणि आकडाही वाढतो. म्हणूनच सर्वांना सरसकट ४ ची रेघ लावणे अनेक तज्ज्ञांना पटत नाही. १९९३ मध्ये अमेरिकेत वयानुसार मर्यादा सुचवल्या गेल्या. चाळिशीत २.५, पन्नाशीत ३.५, साठीत ४.५ आणि सत्तरीत ६.५. लॅबच्या छापील अहवालात मात्र बहुधा ० ते ४ एवढेच असते. बहात्तर वर्षांच्या आजोबांचा ५.२ आणि अठ्ठेचाळीस वर्षांच्या त्यांच्या मुलाचा ३.६ यांत डॉक्टर मुलाच्या आकड्याकडे अधिक बारकाईने बघतील. खूण मात्र आजोबांच्याच आकड्यापुढे पडलेली असेल!

४ ते १० या पट्ट्यात आकडा असणाऱ्यांची बायोप्सी केली तर साधारणपणे चारांतल्या एकाला कॅन्सर सापडतो, असा पाश्चात्त्य देशांतला अनुभव आहे. म्हणजे तिघांना नसतो. १० च्या वर गेला की शक्यता निम्म्याहून अधिक होते. आणि ४ च्या खाली असला म्हणजे सुटलो, असेही नाही. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकन अभ्यासात, आकडा ४ किंवा त्याहून कमी असलेल्या पुरुषांची बायोप्सी केल्यावर शंभरातल्या सुमारे पंधरांना कॅन्सर आढळला होता.

आधी रक्त पुन्हा तपासा

आकडा वाढला की लगेच बायोप्सीसाठी धावायचे नसते. पहिली पायरी म्हणजे तो आकडा खरा आहे की नाही ते पाहणे. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात, एकदा पीएसए वाढलेला आढळलेल्या जवळजवळ निम्म्या पुरुषांचा आकडा नंतरच्या तपासणीत आपोआप मर्यादेत आलेला दिसला.

कारणे घरगुतीच असतात. लघवीचा संसर्ग झाला असेल तर आकडा दुप्पट-चौपट होऊ शकतो आणि खाली यायला सहा ते आठ आठवडे घेतो. लग्नाच्या वऱ्हाडाबरोबर रात्रभर बसने प्रवास केला, लघवी तुंबली, सकाळी नळी घालावी लागली आणि रुग्णालयाने त्याच रक्तात पीएसएही करून टाकला, असे झाले तर त्या आकड्याला काही अर्थ नाही. दुर्बिणीने मूत्रमार्ग तपासल्यावरही तेच. तपासणीच्या आधी दोन दिवस शरीरसंबंध आणि लांब पल्ल्याची सायकल टाळावी. (हे सांगायला लॅबचा माणूस लाजतो आणि विचारायला घरचे!) क्षयरोग प्रोस्टेटलाही होऊ शकतो आणि त्यानेही आकडा वर जातो. आपल्या देशात हे विसरून चालत नाही.

याच्या उलटही एक फसवणूक आहे आणि ती अधिक धोक्याची. प्रोस्टेट वाढल्यावर फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड ही औषधे दिली जातात. ती सहा महिने ते वर्षभर घेतली की पीएसए जवळजवळ निम्म्यावर येतो. अशा माणसाचा अहवाल ३ दाखवत असेल तर डॉक्टर तो मनात ६ धरतात. पण त्यांना औषधाचे नाव कुणी सांगितलेच नाही तर? टक्कल पडू नये म्हणून जी फिनास्टेराइडची गोळी तरुण आणि मध्यमवयीन पुरुष घेतात, तिचाही असाच परिणाम होतो आणि केसांची गोळी 'औषध' म्हणून सांगावी, हे फारच थोड्यांना सुचते. डॉक्टरांकडे जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे पिशवीत घालून न्यावीत हे बरे.

काही ठिकाणी आकडा वाढला की दोन-तीन आठवडे प्रतिजैविके देऊन पुन्हा रक्त तपासतात. संसर्गाची लक्षणे किंवा लघवीच्या तपासणीत पुरावा असेल तर ते योग्यच आहे. काहीच त्रास नसताना केवळ आकडा उतरावा म्हणून ही औषधे देऊ नयेत, असेच आता मूत्ररोगतज्ज्ञांच्या संघटना सांगतात. आकडा उतरला तरी त्यावरून कॅन्सर नाही, असे सिद्ध होत नाही.

दुसरे रक्त शक्यतो त्याच लॅबमध्ये द्यावे. वेगवेगळ्या यंत्रांच्या आकड्यांत थोडा फरक पडतो आणि ६.८ चा ७.३ झाला म्हणून रात्रभर जागणाऱ्याला हे कुणी सांगितलेले नसते.

डॉक्टरच का घुटमळतात?

रुग्णाला वाटते, आकडा वाढला आहे तर डॉक्टरांनी ठामपणे काहीतरी सांगावे. पण या तपासणीबद्दल खुद्द वैद्यकविश्वातच गेली पंधरा-वीस वर्षे वाद आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९८६ साली पीएसएला मान्यता दिली ती कॅन्सर झालेल्यांवर लक्ष ठेवण्यासाठी. निदानाला मदत म्हणून मान्यता मिळाली १९९४ मध्ये. नंतर तिथे ही तपासणी सर्रास होऊ लागली. ज्या रिचर्ड अ‍ॅब्लिन या शास्त्रज्ञांनी १९७० मध्ये प्रोस्टेटमधल्या अशा प्रथिनाचा शोध लावला, त्यांनीच २०१० मध्ये वृत्तपत्रात लेख लिहून या सरसकट तपासणीवर कडाडून टीका केली. २०१२ साली अमेरिकेतल्या अधिकृत तज्ज्ञ समितीने निरोगी पुरुषांची ही तपासणी करूच नये असे सांगितले आणि २०१८ मध्ये तो सल्ला सौम्य करून ५५ ते ६९ वयाच्या पुरुषांनी डॉक्टरांशी बोलून स्वतः ठरवावे, असे म्हटले. सत्तरीनंतर नको, हे मात्र कायम ठेवले.

वादाचे मूळ असे की प्रोस्टेटचे कित्येक कॅन्सर अत्यंत मंद असतात. ते घेऊन माणूस पंधरा-वीस वर्षे जगतो आणि शेवटी दुसऱ्याच कारणाने जातो. असा कॅन्सर शोधून काढून त्याच्यावर शस्त्रक्रिया केली तर रुग्णाच्या वाट्याला फक्त तिचे दुष्परिणाम येतात. युरोपातल्या आठ देशांत दीड लाखांहून अधिक पुरुषांवर झालेल्या अभ्यासाचे २३ वर्षांनंतरचे निष्कर्ष २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांना पीएसए तपासणीसाठी बोलावले गेले त्यांच्यात या कॅन्सरने होणारे मृत्यू १३ टक्क्यांनी कमी होते. एक मृत्यू टळण्यासाठी ४५६ जणांना बोलवावे लागले आणि न बोलावलेल्यांच्या तुलनेत १२ जणांना जास्तीचे निदान झाले. फायदा आहे, पण त्याची किंमतही आहे.

दोन्ही टोकांची उदाहरणे प्रसिद्ध आहेत. हॉलीवूडचा अभिनेता बेन स्टिलर याच्या घरात या आजाराचा इतिहास नव्हता, त्रासही काही नव्हता. त्याच्या डॉक्टरांनी तो ४६ वर्षांचा असतानाच पीएसए तपासायला सुरुवात केली. आकडा वाढत गेला, मग एमआरआय, मग बायोप्सी आणि जून २०१४ मध्ये, ४८ व्या वर्षी, मध्यम जोराच्या कॅन्सरचे निदान झाले. शस्त्रक्रियेनंतर तो बरा झाला आणि २०१६ मध्ये त्याने हे सारे जाहीरपणे लिहिले. उलट अमेरिकेचे माजी अध्यक्ष जो बायडेन यांचा कॅन्सर मे २०२५ मध्ये, वयाच्या ८२ व्या वर्षी उघड झाला तो हाडांत पसरल्यानंतर. त्यांची आधीची पीएसए तपासणी २०१४ मधली होती, असे त्यांच्या कार्यालयाने सांगितले. आणि नेल्सन मंडेला? त्यांना २००१ मध्ये, ८३ व्या वर्षी, हा कॅन्सर झाला. किरणोपचार घेऊन ते पुढे बारा वर्षे जगले आणि ९५ व्या वर्षी गेले.

हे माहीत असले की डॉक्टरांचे 'थोडे थांबून पाहू' हे वाक्य टाळाटाळीचे वाटत नाही.

बोट, एमआरआय आणि सुई

दुसऱ्यांदाही आकडा वाढलेलाच आला तर मूत्ररोगतज्ज्ञ गुदद्वारातून बोटाने प्रोस्टेट तपासतात. अर्ध्या मिनिटाचे काम. पण कित्येक पुरुष केवळ या तपासणीच्या संकोचाने दुसऱ्यांदा दवाखान्याची पायरी चढत नाहीत. गाठ कडक लागते का, एक बाजू खडबडीत आहे का, एवढेच त्यात पाहायचे असते आणि कधीकधी पीएसए मर्यादेत असतानाही ते बोटच कॅन्सर पकडते.

सोनोग्राफीत प्रोस्टेटचे आकारमान कळते. त्यावरून एक सोपा हिशेब घरीही करता येतो. पीएसएला आकारमानाने भागायचे. ६.८ पीएसए आणि ग्रंथी ६८ सीसीची असेल तर उत्तर ०.१०. ग्रंथी मोठी आहे, म्हणून प्रथिन जास्त. पण तोच ६.८ आणि ग्रंथी ३० सीसीची असेल तर उत्तर ०.२३ च्या आसपास येते. ०.१५ च्या वर गेले की डॉक्टर सावध होतात. काही लॅब 'फ्री पीएसए'चे प्रमाणही देतात. ते २५ टक्क्यांहून अधिक असेल तर दिलासा, १० टक्क्यांहून कमी असेल तर संशय.

पूर्वी आकडा वाढला की सरळ बायोप्सी होत असे. आता आधी एमआरआय करण्याकडे कल आहे. त्याच्या अहवालात १ ते ५ असे गुण असतात. १ किंवा २ असेल आणि बाकी संशय नसेल तर बायोप्सी टाळता येते. ३ म्हणजे अधांतरी. ४-५ असेल तर सुई घालावीच लागते. बायोप्सीनंतर काही आठवडे आत रक्त साकळलेले असते आणि चित्र धूसर येते. म्हणून एमआरआय आधी, बायोप्सी नंतर, हा क्रम सांभाळलेला चांगला.

बायोप्सीत सोनोग्राफीच्या मदतीने साधारण दहा-बारा आणि संशयाच्या जागी आणखी काही, असे बारीक सुईने तुकडे काढतात. गुदद्वारातून किंवा त्याच्या पुढच्या त्वचेतून. दुसऱ्या पद्धतीत संसर्गाची भीती कमी. अ‍ॅस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारी कुठलीही गोळी चालू असेल तर आधी सांगावे आणि ती स्वतःच्या मनाने बंद करू नये. हृदयात स्टेंट असलेल्यांनी तर मुळीच नाही.

ते आठ-दहा दिवस

बायोप्सी झाली, माणूस संध्याकाळी घरी आला आणि आता वाट पाहणे सुरू. 'आठवड्याने या' असे सांगितलेले असते. आठवडा उलटतो, फोन येत नाही.

"अहो, विचारून तरी बघा ना. आज नववा दिवस."

"ते कळवतील तेव्हा कळवतील. उगीच मागे लागू नकोस."

असे संवाद दोनदा-तीनदा होतात. दोघांच्याही मनात एकच असते. उशीर झाला म्हणजे नक्कीच वाईट निघाले.

तसे नसते. काढलेले तुकडे आधी फॉर्मालिनमध्ये मुरवतात. मग त्यातले पाणी काढून ते मेणात बसवतात. त्या मेणाच्या ठोकळ्याचे केसाहूनही कितीतरी पातळ काप घेतात, काचेवर चढवतात, गुलाबी-जांभळ्या रंगात रंगवतात. मग विकृतिशास्त्रज्ञ एकेक काच सूक्ष्मदर्शकाखाली पाहतो. बारा तुकडे म्हणजे बाराहून अधिक काचा. एखाद्या तुकड्यात चार-पाच ग्रंथीच संशयास्पद असल्या तर तो विशेष रंग मागवतो किंवा दुसऱ्या सहकाऱ्याला दाखवतो. याला तीन-चार दिवस आणखी लागतात. उशिराचा अर्थ पुष्कळदा एवढाच असतो की कुणीतरी घाई न करता पाहत आहे.

या दिवसांत शरीरही घाबरवते. लघवीत आणि शौचात काही दिवस रक्त दिसते. वीर्याचा रंग तर कित्येक आठवडे तांबूस-तपकिरी राहतो. हे सांगितलेले नसल्यामुळे अनेक जण हादरतात. यात बहुतेक वेळा काळजीचे काही नसते. पण थंडी वाजून ताप आला किंवा लघवी पूर्णपणे अडकली तर मात्र सकाळ होण्याची वाट पाहू नये. रात्रीचे दोन वाजले असले तरी रुग्णालय गाठावे. बायोप्सीनंतरचा संसर्ग रक्तात उतरला तर तो कॅन्सरपेक्षा कितीतरी वेगाने जिवावर बेततो. क्रोसिन घेऊन झोपण्याचा हा ताप नव्हे.

घरात कुणाला सांगायचे, हा आणखी एक प्रश्न. बायकोपासून लपवण्यात काही अर्थ नाही. तिला ते समजलेलेच असते, फक्त काय ते कळलेले नसते. मुलांना सांगावे. मात्र सोसायटीत, नात्यागोत्यात आताच वाच्यता केली तर रोज तीन फोन आणि पाच काढे सुचवले जातात. रिपोर्ट आला का, या प्रश्नाला दहा वेळा उत्तर देणे हीच एक शिक्षा होऊन बसते. घरातल्या एकाच माणसाने लॅबशी बोलायचे, असे ठरवलेले उत्तम. आणि शक्य असेल तर आणखी एक ठरवावे. अहवाल मोबाइलवर रात्री नऊला आला तरी तो डॉक्टरांसमोरच उघडायचा. हे फार थोड्यांना जमते. ज्यांना जमणार नाही त्यांनी निदान त्यातले शब्द आधीच समजून घ्यावेत.

रिपोर्टची भाषा

सर्वांत आनंदाचा शब्द 'बिनाइन'. कॅन्सर नाही. 'क्रॉनिक प्रोस्टटायटिस' म्हणजे जुनी सूज. आकडा वाढण्याचे कारण बहुधा सापडले. 'हाय ग्रेड पिन' म्हणजे पेशींत बदल आहेत, पण हा कॅन्सर नव्हे. 'एसॅप' असे लिहिले असेल तर विकृतिशास्त्रज्ञ म्हणतो आहे की काही ग्रंथी संशयास्पद आहेत, पण खात्रीने सांगण्याइतका ऐवज हाती नाही. अशा वेळी काही महिन्यांनी पुन्हा तपासावे लागते आणि हा निकाल सोसायला सर्वांत कठीण. धड सुटकाही नाही, धड निदानही नाही.

'अ‍ॅडिनोकार्सिनोमा' म्हणजे कॅन्सर. पण वाचणे इथे थांबवू नये. खरी माहिती पुढच्या ओळीत असते, 'ग्लीसन'. डोनाल्ड ग्लीसन या अमेरिकन विकृतिशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात मिनियापोलिसच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात काम करताना ही पद्धत बसवली. कॅन्सरच्या ग्रंथींची ठेवण किती बिघडली आहे याला गुण द्यायचे. सर्वाधिक दिसणाऱ्या ठेवणीचा एक गुण, दुसऱ्याचा एक आणि दोहोंची बेरीज. ३ अधिक ३ म्हणजे ६.

आणि इथेच घरोघरी घोटाळा होतो. दहापैकी सहा! म्हणजे आजार अर्ध्याच्या पुढे गेला, असे वाटते. प्रत्यक्षात १ आणि २ हे गुण बायोप्सीत आता देतच नाहीत. त्यामुळे ६ हा सर्वांत खालचा गुण आहे. हा इतका संथ की त्याला कॅन्सर म्हणावे की नाही, यावर तज्ज्ञांत चर्चा चालते. बेरीज ७ असेल तर कोणता आकडा आधी लिहिला आहे ते पाहावे. ३ अधिक ४ मध्ये सौम्य ठेवण अधिक आहे, ४ अधिक ३ मध्ये जोरकस ठेवण अधिक. बेरीज तीच, पण आजार वेगळा. ८, ९, १० हे मात्र वेगाने वाढणारे.

हा घोटाळा टाळण्यासाठी आता १ ते ५ असे 'ग्रेड ग्रुप'ही लिहितात. ६ म्हणजे गट १, ३ अधिक ४ म्हणजे गट २, ४ अधिक ३ म्हणजे गट ३, ८ म्हणजे गट ४ आणि ९-१० म्हणजे गट ५. यातून नवाच गैरसमज निर्माण झाला. 'ग्रेड ग्रुप ४' वाचून लोक 'फोर्थ स्टेज' समजतात आणि मुलीला रडत फोन करतात. ग्रेड म्हणजे पेशींचा स्वभाव. स्टेज म्हणजे आजार किती दूर गेला. बायोप्सीच्या कागदावर स्टेज नसतेच. ती ठरते स्कॅनवरून. गट ४ चा कॅन्सरही ग्रंथीच्या आतच असू शकतो आणि तसा असेल तर तो पूर्ण बरा करण्याच्या हेतूनेच उपचार होतात.

किती तुकड्यांत कॅन्सर आहे आणि प्रत्येक तुकड्याचा किती भाग व्यापला आहे, हेही लिहिलेले असते. बारांपैकी एका तुकड्यात पाच टक्के आणि बारांपैकी नऊ तुकड्यांत ऐंशी टक्के यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. ते काचेचे काप आणि मेणाचे ठोकळे मागून घेता येतात आणि परळच्या टाटा रुग्णालयासारख्या ठिकाणी नेऊन दुसरे मत घेता येते. गाव इंदूर असो की बेळगाव, यासाठी रुग्णालाच प्रवास करायला लागतो असे नाही. पार्सल पाठवता येते का, ते विचारून पाहावे.

घाई कुणाला?

कॅन्सर आहे म्हटल्यावर घरातल्या तरुणांना दुसऱ्याच दिवशी शस्त्रक्रिया हवी असते. प्रोस्टेटच्या बाबतीत, निदान सौम्य आणि मध्यम गटांत, काही आठवडे विचाराला मिळतात आणि ते घ्यावेत. ब्रिटनमध्ये १६४३ पुरुषांवर एक मोठा प्रयोग झाला. कॅन्सर ग्रंथीपुरताच असलेल्या या पुरुषांचे तीन गट केले. एकावर शस्त्रक्रिया, दुसऱ्याला किरणोपचार, तिसऱ्यावर फक्त बारकाईने लक्ष. २०२३ मध्ये पंधरा वर्षांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तिन्ही गटांत या कॅन्सरने दगावलेल्यांचे प्रमाण जवळजवळ सारखेच, सुमारे ३ टक्के. लक्ष ठेवलेल्या गटात आजार पसरण्याचे प्रमाण मात्र अधिक होते, ९ टक्क्यांच्या आसपास. इतर दोन गटांत ते ५ च्या जवळपास होते. शिवाय लक्ष ठेवलेल्यांपैकी साधारण साठ टक्क्यांना पंधरा वर्षांत कधी ना कधी उपचार घ्यावे लागले. तेव्हा 'काहीच न करणे' आणि 'लक्ष ठेवणे' या एक गोष्टी नाहीत. लक्ष ठेवायचे तर ठरल्या तारखांना पीएसए, एमआरआय आणि गरजेनुसार पुन्हा बायोप्सी चुकवून चालत नाही.

शस्त्रक्रियेनंतर लघवीवरचा ताबा काही काळ जातो, काहींचा कायमचा कमी होतो. लैंगिक क्षमतेवर परिणाम होतो. किरणोपचारांनी आतड्याचा त्रास होऊ शकतो. हे बोलणे होत असताना बायकोने खोलीत असावे. आपल्याकडे तिला बाहेरच्या बाकड्यावर बसवून मुलगा आणि मेहुणे आत जातात. ज्याच्याबद्दल निर्णय व्हायचा तो संसार तिचाही आहे, हे बहुधा कुणाच्या लक्षात येत नाही.

बायोप्सीत काही निघाले नाही तर पेढे जरूर वाटावेत, पण फाइल माळ्यावर टाकू नये. सुईने काढलेले तुकडे म्हणजे ग्रंथीचा अगदी छोटा अंश. सहा महिने ते वर्षाने पुन्हा पीएसए करून तो चढतो आहे का, हे पाहावेच लागते. एका आकड्यापेक्षा तीन-चार वर्षांचे आकडे ओळीने मांडले तर डॉक्टरांना कितीतरी अधिक कळते.

घरातल्या इतर पुरुषांचाही इथे संबंध येतो. वडिलांना किंवा सख्ख्या भावाला हा कॅन्सर झाला असेल तर धोका साधारण दुप्पट होतो. अशा मुलांनी आणि भावांनी पन्नाशीची वाट न पाहता पंचेचाळिशीतच डॉक्टरांशी बोलावे. आई, मावशी, बहीण यांना स्तनाचा किंवा बीजकोशाचा कॅन्सर झाला असेल तर तेही सांगावे, कारण काही घराण्यांत एकच जनुकदोष या साऱ्या आजारांच्या मुळाशी असतो. अडचण अशी की मागच्या पिढीची नोंदच नसते. आजोबा कशाने गेले, असे गावाकडच्या चुलत्यांना विचारले तर उत्तर मिळते, 'लघवी तुंबली होती' किंवा 'कंबर धरली, मग अंथरुणावरून उठलेच नाहीत.' प्रोस्टेटचा कॅन्सर पसरतो तो बहुधा कण्याच्या आणि कमरेच्या हाडांत. डॉक्टरांना ते वाक्यही जसेच्या तसे सांगावे.